रखमाचा बाण दोनशे पावलांवर का लागत नाही

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या लेखिका ठाण्यातल्याच, मराठ्यांच्या पोर्तुगिजांविरुद्धच्या १७३७ च्या साष्टी मोहिमेवर कादंबरी लिहितायत. नायिका रखमा, सोळा वर्षांची, येऊरच्या बाजूच्या पाड्यावरची. घोडबंदरच्या किल्ल्याखाली ती रात्री झाडीत दबा धरून बसते. धनुष्य पूर्ण ताणून दोन-तीन मिनिटं योग्य क्षणाची वाट बघते आणि दोनशे पावलांवर, तटावर उभ्या असलेल्या फिरंगी पहारेकऱ्याच्या गळ्यात बाण मारते. तो आवाज न करता कोसळतो. रखमा पाठीवरच्या भात्यातून दुसरा बाण काढते. एका मैत्रिणीने वाचून सांगितलं, "छान आहे गं, पण सिनेमा वाटतो." तर नेमकं कुठे चुकतंय, आणि हत्यारांचं वर्णन खरं वाटायला काय करावं?

मी बावीस वर्षं ठाण्यात आणि नवी मुंबईत मुलांना तिरंदाजी शिकवते. त्याआधी स्वतः खेळायचे. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही, जुन्या हत्यारांचा नाद मात्र आहे. त्यामुळे धनुष्याबद्दल सविस्तर बोलते, बाकीच्या हत्यारांबद्दल जेवढं हाताळलंय तेवढंच.

तुमच्या उताऱ्याची भाषा चांगली आहे. माझी तक्रार एकच: त्या पूर्ण प्रसंगात धनुष्याने रखमाला एकदाही त्रास दिलेला नाही. खरं हत्यार सतत काहीतरी कुरकुर करतं. ते जड असतं, ओलं होतं, अडकतं, आवाज करतं, वापरल्यावर अंगावर खुणा ठेवतं. त्या खोड्या काढून टाकल्या की उरतो तो सिनेमा.

आधी ती दोन-तीन मिनिटं बघू.

धनुष्याची ओढ पाउंडात मोजतात, मैदानावर आम्ही सरळ 'पाउंडेज' म्हणतो. रखमासारख्या कसलेल्या मुलीच्या हातात चाळीस पाउंडाचं धनुष्य असेल असं धरू. चाळीस पाउंड म्हणजे अठरा किलो. घरातली मोठी बादली काठोकाठ भरली की साधारण एवढी होते. आता ती बादली उजव्या हाताच्या तीन बोटांच्या पहिल्या पेरांवर पेलायची, कोपर खांद्याच्या उंचीला ठेवायचा, डावा हात समोर सरळ, आणि वर नेमही धरायचा. माझी चांगली तयार झालेली मुलं पूर्ण ताणलेलं धनुष्य चार-पाच सेकंद धरतात. सात-आठ सेकंद झाले की मी मागून ओरडते, "उतरव!" कारण त्यापुढे बाण लागत नाही, नुसता निघून जातो.

त्या चार-पाच सेकंदांत काय होतं ते लिहा, तिथे खरा मजकूर आहे. ओढताना जोर दंडात वाटतो. पूर्ण ताण आला की तो पाठीत उतरतो, खांद्यांची पाती मागे एकमेकींकडे सरकतात. उजवा हात हनुवटीखाली टेकतो, दोरी ओठांना आणि नाकाच्या शेंड्याला लागते. निदान आमच्या पद्धतीत. जुने शिकारी दोरी गालाशी किंवा नुसती छातीपर्यंतही ओढत. श्वास अर्धा सोडून थांबलेला असतो. पहिला सेकंद बाणाचं टोक डुलतं, दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदाला जरा स्थिर होतं, आणि चौथ्यानंतर डाव्या खांद्यातून बारीक थरथर सुरू होऊन टोकापर्यंत पोचते. टोक मग लक्ष्याभोवती गोल फिरायला लागतं आणि गोल मोठा होत जातो. दोरी सोडताना बोटं झटकून उघडायची नसतात, नुसती ढिली पडतात. नवी मुलं बोटं उघडतात, दोरी बाजूला ओढली जाते आणि बाण डावीकडे जातो. माझ्याकडच्या एका मुलाला ही सवय मोडायला आठ महिने लागले होते.

म्हणजे रखमाने वाट बघायची ती धनुष्य खाली धरून, बाण दोरीला लावून. पहारेकरी वळला की ओढायचं. आणि तुम्हाला ताण वाढवायचाच असेल तर हे करा: ती ओढते, तेवढ्यात तो पुन्हा पाठ फिरवतो किंवा खांबाआड जातो. तिला बाण न सोडता हळूहळू उतरवावं लागतं. उतरवणं ओढण्याइतकंच जड असतं, घाई केली तर बाण सुटतो. मग दुसऱ्यांदा ओढताना हात आधीच भरून आलेला. तिसऱ्यांदा आणखी. दोन मिनिटं ताणून बसण्यापेक्षा हे खरंही आहे आणि वाचकाचा जीवही जास्त टांगणीला लागेल.

सोळा वर्षांची मुलगी इतकी अचूक असू शकते का, असंही तुम्ही विचारलंय. असू शकते. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. फक्त तिचं धनुष्य कंपाउंड होतं. त्याला टोकांशी चाकं असतात आणि पूर्ण ओढल्यावर मूळ वजनाचा थोडाच भाग हातात उरतो, त्यामुळे ते जास्त वेळ धरता येतं. सिनेमावाल्यांच्या डोक्यात बहुतेक तेच असतं. रखमाच्या कमठ्याला चाकं नाहीत. तो जितका ओढाल तितका जड होत जातो.

आता दोनशे पावलं.

दोनशे पावलं म्हणजे दीडशे मीटर धरा. ऑलिम्पिकमधलं अंतर सत्तर मीटर, लक्ष्याचा व्यास १२२ सेंटिमीटर, त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटर. एवढ्यात सातत्याने बाण बसायला मुलांना वर्षानुवर्षं लागतात. तेही दिवसा, सपाट जमिनीवर, धनुष्याला साइट (नेम धरायची खूण) आणि स्टॅबिलायझर (धनुष्य स्थिर ठेवणारी दांडी) लावून, आधी सरावाचे बाण मारून. गळा जेमतेम त्या वर्तुळाएवढा, अंतर दुप्पट, आणि रात्र.

पण नेमापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. बाण सरळ जात नाही, कमान करून जातो. जुन्या पद्धतीच्या चांगल्या धनुष्यातून बाण सेकंदाला साधारण पन्नास मीटर वेगाने निघतो. त्या हिशेबाने दीडशे मीटरवर पोचायला तिला तो जवळजवळ अठरा अंश वर रोखून सोडावा लागेल. वाटेत तो बारा मीटर वर चढेल, म्हणजे चार मजली इमारतीच्या गच्चीएवढा, आणि पोचायला तीन सेकंदांहून जास्त घेईल. हवेचा अडथळा धरला तर आणखी. तुमची रखमा झाडीत बसली आहे. तो बाण किल्ल्यावर नाही, तिच्याच डोक्यावरच्या आंब्यात अडकेल.

शिवाय आवाज. दोरी सुटली की 'टण्ण' होतं आणि आवाज दीडशे मीटर अर्ध्या सेकंदाच्या आत कापतो. म्हणजे बाण पोचायच्या अडीच सेकंद आधी पहारेकऱ्याला तो ऐकू आलेला असेल. तेवढ्यात माणूस शिंकून, नाक पुसून बाजूला होतो. हरणं याच आवाजाला बिचकून उडी मारण्यासाठी आधी खाली दबतात आणि शिकाऱ्याचा बाण वरून निघून जातो.

अंतर तीस पावलांवर आणा, म्हणजे वीस-बावीस मीटर. आता बाण अर्ध्या सेकंदाच्या आसपास पोचतो, कमान जेमतेम वीतभर उठते, फांद्यांखालून जातो. छाती हे लक्ष्य ठेवा, गळा नको. अंगावर मारणारा माणूस मोठ्या भागावर मारतो. इतकं जवळ जायचं म्हणजे सरपटत जाणं आलं, वाळका पाला आला, खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याची दिशा आली. पहारेकरी मशालीजवळ असला तर रखमाला तो दिसेल आणि त्याला पलीकडचा अंधार भिंतीसारखा काळा दिसेल. एकदा संध्याकाळी घोडबंदरच्या किल्ल्यावर जाऊन या. खाली उभं राहून तीस पावलं मोजा आणि वर बघा. कठड्यावर उभ्या माणसाचं किती अंग दिसतं ते तिथेच कळेल, मी सांगून नाही.

आता तुम्ही विचारलेलं नाही ते. १७३७ मध्ये दोन्हीकडे बंदुका होत्या. मग तुमच्या टोळीने या कामाला तिरकमठा का आणला? उताऱ्यात याचं उत्तर नाही, वाचक मात्र विचारेल. उत्तर बंदुकीतच आहे. आपल्याकडे त्या काळी तोड्याच्या बंदुका सर्रास होत्या. तोडा म्हणजे सुताची वात, ती सतत धुमसत ठेवावी लागते. अंधारात तिचा लाल ठिपका लांबून दिसतो, वास वेगळाच येतो आणि पावसाळी हवेत ती विझते. बार उडाला की उजेड, धूर, आवाज, सगळा किल्ला जागा. युरोपीय फौजांत तोवर चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने बार उडवणाऱ्या बंदुका रुळल्या होत्या, त्यांच्या पहारेकऱ्याकडे हा ठिपका नसेल. म्हणजे अंधारात उघडे पडण्याची भीती रखमाच्या माणसांनाच जास्त. झाडीत पाच बंदुकवाले आहेत, सगळ्यांनी तोडे विझवलेत किंवा मडक्यात झाकलेत, आणि त्या क्षणी पूर्ण टोळीत चालणारं एकच हत्यार आहे ते या पोरीच्या हातात. तिथे तिचं महत्त्व आपोआप उभं राहतं, नंतर कुणी तिची स्तुती करायची गरज उरत नाही.

'तो आवाज न करता कोसळतो' याचं काय करायचं? बाणाने माणूस दिव्याचं बटण बंद केल्यासारखा विझत नाही. रुंद पात्याचा बाण कापतो आणि रक्तस्रावाने मारतो, त्याला वेळ लागतो. छातीत बसला तरी माणूस काही सेकंद, कधी बराच जास्त वेळ शुद्धीत असतो. चालतो, ओरडतो, बाणाला हात लावून बघतो. पण अशा जखमा झालेले लोक सांगतात की पहिल्यांदा दुखलंच नाही, कुणीतरी ठोसा मारल्यासारखं वाटलं. हे वापरा. पहारेकरी दचकतो, आपल्याला दगड लागला असं समजून खाली बघतो, हाताला काठीसारखं काहीतरी लागतं. ओरडायचं त्याला सुचायच्या आत रखमाच्या माणसांकडे तीन-चार श्वासांचा अवकाश आहे. तेवढ्यात त्यांनी काय करायचं ते तुम्ही ठरवा. कदाचित त्यांना वेळ पुरत नाही. मला तर तो पुरू नये असंच वाटतं.

पुढच्या प्रकरणात रखमाच्या भावाच्या मांडीतला बाण वैद्यबुवा खसकन उपसून काढतात आणि हळद लावतात. इथे जरा थांबा. बाणाचं लोखंडी फळ कांड्याला दोऱ्याने बांधून लाखेने किंवा डिंकाने चिकटवलेलं असे. रक्ताने ते सैल होतं. खसकन ओढलं की कांडं हातात येतं आणि फळ आत राहतं. फळाला मागे वळलेले काटे असतील तर बाहेर येताना ते आत जातानापेक्षा जास्त फाडतं. या विषयावर आपल्याकडे सुश्रुतसंहितेत तपशिलाने लिहिलेलं आहे, 'शल्य' हा शब्दच तिथे शरीरात रुतलेल्या वस्तूसाठी आहे. काढायचे दोन मार्ग दिलेत: आला त्याच वाटेने मागे ओढणं, किंवा पलीकडे ढकलून पुढून काढणं. हाडात घट्ट रुतलेलं निघत नसेल तर ते धनुष्याच्या दोरीने घोड्याच्या लगामाला बांधावं आणि घोड्याला चाबूक मारावा, म्हणजे तो मान झटक्याने वर करतो आणि शल्य निघतं. नाहीतर झाडाची जाड फांदी वाकवून तिला बांधायचं आणि फांदी सोडायची. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून पाणी प्यायले होते. तुमच्या वैद्यबुवांना घोडा मिळणार नाही, पण मागच्या परसात वाकवता येईल अशी फांदी नक्की असेल.

आता हत्यार स्वतः. उताऱ्यात एके ठिकाणी रखमाचं धनुष्य 'शिंगाचं' आहे. शिंगाची कमान म्हणजे आतून म्हशीचं शिंग, मध्ये लाकूड, बाहेरून जनावराच्या स्नायुबंधांचे धागे, आणि सगळं सरसाने जोडलेलं. फार ताकदीची चीज, पण मोठ्या सरदाराची. करायला महिनोन् महिने लागत आणि दमट हवेत सरस ढिला पडे. साष्टीच्या जूनमध्ये ती कमान किती दिवस टिकेल? याच कारणाने हिंदुस्थानात पोलादी कमानीही करत. त्या मार कमी देत पण कोठारात पडून खराब होत नसत. पाड्यावरच्या मुलीकडे बांबूचा कमठा हवा. भिल्लांच्या कमठ्याला दोरीसुद्धा बांबूच्या सालीची असते. तुटली तर जंगलात दुसरी मिळते. तुमच्या कथेला हे किती सोयीचं आहे बघा.

आणि कमठा रात्रंदिवस दोरी चढवून ठेवत नाहीत, तो वाकूनच बसतो, ओढ मरते. काम निघालं की दोरी चढवायची. एक टोक पायाशी दाबून, मांडीचा रेटा देऊन वाकवायचं आणि दोरीचा फास वरच्या खाचेत सरकवायचा. निसटला तर कमठा उलटा फिरून तोंडावर बसतो. हे अंधारात, करकर आवाज न होऊ देता करायचं आहे. बाण सोडण्याच्या आधीचा हा पूर्ण परिच्छेद तुम्ही वाया घालवलाय.

दुसरी खोडी: बाण न लावता धनुष्य ओढून दोरी सोडू नये. एरवी बाणाबरोबर जाणारा सगळा जोर धनुष्यातच जिरतो. माझ्या मैदानावर एका नव्या मुलाने गंमत म्हणून असं केलं आणि वरचा लिंब (धनुष्याची वाकणारी भुजा) कडकन चिरला. महाकाव्यांतला टणत्कार वेगळा, तिथे दोरी नुसती छेडतात. तुमच्या सातव्या प्रकरणात रागाच्या भरात रखमा रिकामं धनुष्य ओढून सोडते. तिच्या बापाने तिला तिथे एक थोबाडीत द्यायला हवी.

भाता पाठीवर का? वाकून झाडीत शिरणाऱ्या मुलीच्या पाठीवर उभा भाता फांद्यांत अडकणार आणि ओणवं झालं की बाण डोक्यावरून खाली सांडणार. आपल्याकडच्या जुन्या लघुचित्रांत बघा, भाता बहुधा कमरेला दिसतो. त्यात वीस-पंचवीस बाण. लिहिताना मोजून वापरा. आणि चुकलेले बाण शोधायला लागतात हेही लक्षात ठेवा. चुकलेला बाण गवताखाली आडवा सरकतो आणि त्याच्यावर उभं राहिलं तरी दिसत नाही. पावसाळ्यानंतर आमच्या मैदानावर सरावाला जेवढा वेळ जातो तेवढाच गवतात पाय घासत बाण शोधण्यात जातो. रात्री मारलेला रखमाचा बाण गेला तो गेला.

आता रखमाचं अंग. तिरंदाज माणूस मी बसमध्येसुद्धा ओळखते. उजव्या हाताच्या तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका, तिन्हींच्या पहिल्या पेरांवर घट्टे. डाव्या हाताच्या कोपराजवळ आतल्या बाजूने दोरीचा फटका बसून आलेले डाग, आधी लाल, मग जांभळे, आठवड्याने पिवळट. महाभारतातले योद्धेही हातावर आणि बोटांवर चामड्याचं आवरण बांधत, त्याला 'गोधा' आणि 'अंगुलित्राण' असे शब्द आहेत. उजवीकडची पाठ किंचित भरलेली. इंग्लंडचं 'मेरी रोझ' हे लढाऊ जहाज १५४५ मध्ये बुडालं आणि १९८२ मध्ये वर काढलं. त्यात शंभरावर धनुष्यं सापडली, बहुतेक शंभर पाउंडांहून जड, आणि काही सांगाड्यांच्या खांद्यांच्या हाडांवर त्या ओढीच्या खुणा सापडल्या असं अभ्यासक मानतात. रखमा चोरून सराव करते असं तुम्ही म्हणता. मग भाकरी थापताना तिच्या आईला ते घट्टे दिसणार नाहीत का? उगाच सखी येऊन चहाडी करते ते काढून टाका, आईला बोटंच दिसू देत.

आणि ती नथ! बाण सोडताना तिच्या नथीचे मोती चांदण्यात चमकतात, असं वाक्य आहे. वाक्य सुरेख आहे, पण दोरी नाकाला लागून पुढे जाते हो. मी एकोणीस वर्षांची असताना चमकी घालून सरावाला गेले होते. पाचव्या बाणाला दोरीने ती ओढली. नाकपुडी फाटली नाही, पण रक्त बघून सरांनी मला बसवून ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून मैदानाच्या फाटकावर एक डबी ठेवली, मुलींनी कानातलं-नाकातलं काढून त्यात टाकायचं. माझ्या मैदानावर आजही तशी डबी आहे. रखमाला नथ हवीच असेल तर तिने ती आधी काढून कनवटीला खोचावी. लग्नाची बोलणी चाललेल्या मुलीने नथ काढून कनवटीला लावणं, हे तर कादंबरीकाराला आयतं मिळालेलं चित्र आहे.

एकलव्याचा उल्लेख तुम्ही केलाय म्हणून सांगते. आज आम्ही ज्या पद्धतीने ओढतो तिच्यात अंगठा दोरीला लागतच नाही. अंगठा जाऊन धनुर्विद्या जाते ती अंगठ्याने किंवा अंगठा-तर्जनीच्या चिमटीने ओढणाऱ्याची. मुघलांकडे अंगठ्याने ओढायची पद्धत होती आणि त्यासाठी अंगठ्यात खास अंगठी घालत. हे लोक बाण कमानीच्या उजव्या अंगाला लावतात, तीन बोटांवाले डाव्या. मुखपृष्ठ काढणाऱ्या चित्रकाराला हे एवढं नक्की सांगा, दहांतले आठ जण चुकतात.

शब्दांचंही पथ्य आहे. गोळी झाडतात, बाण झाडत नाहीत. बाण मारतात, सोडतात, तीर चालवतात. 'प्रत्यंचा' निवेदनात चालेल, रखमाच्या तोंडी 'दोरी'च हवी. आणि एक मोठा खड्डा: अठराव्या शतकातल्या मराठी कागदांत 'बाण' म्हणजे पुष्कळदा दारू भरलेला अग्निबाण, लोखंडी नळीचा, बांबूला बांधून उडवायचा. तुम्ही टिपणात उतरवून घेतलेली 'बाणांची मारगिरी' बहुधा ती आहे. तिथे तिरंदाजांची रांग उभी करू नका. एका आवाजात शंभर तिरंदाज 'सोडा!' म्हटल्यावर सोडतात हेही मला नेहमी खटकतं. त्यांना ताणून उभं ठेवणारा सेनापती म्हणजे बादल्या उचलून रांगेत उभं करणारा मुख्याध्यापक.

तलवारीबद्दल थोडकंच. तलवार उपसताना 'खण्ण' होत नाही. आपली म्यानं लाकडाची, वरून चामडं किंवा मखमल, आवाज येतो तो 'सर्र', कापड ओढल्यासारखा. वजन साधारण किलोच्या आगेमागे, दोन्ही हातांनी धापा टाकत उचलण्याजोगी ती नसते. मूठ आखूड आणि मागे चकती, त्यामुळे मनगट फार खेळत नाही, वार खांद्यातून येतो आणि वक्र पातं ओढत कापतं. तलवारीवर तलवार आपटत पाच मिनिटं कुणी लढत नाही, धारेची करवत होईल. वार चुकवायला ढाल असते. दांडपट्टा तुमच्या खलनायकाच्या हातात फार शोभतो, पण लक्षात असू द्या की त्याचा हात कोपरापर्यंत लोखंडी खोळीत आहे आणि मनगट जखडलेलं. पट्टा चढवल्यावर तो त्या हाताने दार उघडू शकत नाही, कपाळाचा घाम पुसू शकत नाही, शिडी तर नाहीच. तुम्ही त्याला पट्ट्यासकट शिडीवर चढवलंय.

बघायचं असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रांचं दालन आहे, पुण्यात केळकर संग्रहालय आहे. काचेपलीकडच्या तलवारीच्या मुठीला आपला पंजा मनातल्या मनात लावून बघा.

तुमचा प्रसंग मी असा लिहिला असता. लेखिका तुम्ही आहात, त्यामुळे याला कच्चा माल समजा:

"रखमाने नथ काढून कनवटीला खोचली. कमठा मांडीशी दाबला, दोरीचा फास खाचेत बसला तेव्हा बांबू एकदा कुरकुरला आणि ती थिजली. वर काही हललं नाही. पहारेकरी मशालीपाशी आला. तिने ओढलं. तो वळला, खांबाआड गेला. तिने दात दाबून दोरी वीत वीत उतरवली. खांद्यात मुंग्या आल्या होत्या. मागे धोंडूकाका तोड्यावर पालथं मडकं धरून बसला होता, मडक्याखालून सुताचा जळका वास येत होता. हा वास वर गेला तर, असं तिच्या मनात आलं आणि तेवढ्यात तो पुन्हा उजेडात आला. या खेपेला तिने पुरतं ओढलंच नाही. दोरी गालाला लागायच्या आत बोटं ढिली पडली. बाण लागल्याचा आवाज ओल्या गोणीवर काठी मारल्यासारखा आला. पहारेकरी खाली वाकून बघत होता."

बाण नेमका कुठे लागला ते मी मुद्दाम लिहिलेलं नाही. रखमालाही ते दिसलेलं नाही, अंधारात तिला फक्त आवाज कळला. आपल्या हत्याराने पलीकडे काय केलं हे वापरणाऱ्याला बहुतेक वेळा लगेच कळत नाही, म्हणून तुमचा कॅमेरा सारखा बाणाबरोबर उडत जातो तो थोडा आवरा.

बाकी प्रत्यक्ष अनुभवाला पर्याय नाही, आणि तो सोपा आहे. रविवारी सकाळी साडेसहाला मैदानावर या, नऊनंतर ऊन चढतं. अठरा पाउंडांचं शिकाऊ धनुष्य देईन, दहा मीटरवरून तीस बाण मारा. पंचविसाव्या बाणानंतर लगेच वही काढून दोन ओळी लिहून बघा, अक्षर कसं येतं ते. पूर्ण बाह्यांचा पण अंगाबरोबर बसणारा सदरा घाला, ओढणी नको, केस मागे घट्ट बांधा. कानातलं घरीच ठेवलंत तर उत्तम, नाहीतर फाटकावर डबी आहेच.